बंब नेण्याआधी पायी जा: सोलापूरच्या पेठा ओळखायची रीत

अग्निशमन दलात नवीन लागलेल्या पोराला आधी होज, म्हणजे पाण्याची नळी, गुंडाळायला शिकवतात, मग शिडी, मग पंप. पेठ कशी ओळखायची हे कुणी शिकवत नाही, ते ज्याचं त्याने बघून घ्यायचं. मी सोलापुरात बंबाचा चालक होतो, आता निवृत्त आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी आणि शेजारच्या स्वामींच्या घरी कन्नड, असा वाढलो. केंद्रातली पोरं अजून चहाला बोलावतात आणि विचारतात, "काका, त्या बोळात गाडी आत जाते का हो?" गाडी जाते का ते सांगतोच. पण गाडी थांबल्यावर पुढे काय करायचं, हे विचारणारा क्वचित भेटतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतोय.

वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की बंब कन्ना चौकापर्यंत सुसाट जातो. घोडं पेंड खातं ते शेवटच्या दोनशे फुटांत. आडव्या लावलेल्या मोटारसायकली, मांडवाचा खांब, खाली आलेल्या वायरी आणि एकाच वेळी ओरडणारी पन्नास माणसं. त्यातलं एकही नक्की सांगत नाही की आत कोण अडकलंय. तिथे एक ओळखीचा माणूस पुढे आला आणि म्हणाला, "अन्ना, वरच्या खोलीत म्हातारी आहे, मागच्या जिन्याने चला," तर अर्धं काम तिथेच झालं. तो माणूस आगीच्या दिवशी शोधून सापडत नाही. आधीच शोधून ठेवावा लागतो.

जात विचारू नका, धंदा विचारा

साहेब लोक प्रशिक्षणाहून येताना एक तक्ता आणतात. शहरातले विविध समाजघटक: पद्मशाली (तेलुगू विणकर), लिंगायत, मुस्लिम, मराठा, बौद्ध, मोची, वडार, धनगर, आणि पुढे कोण कुठल्या भागात. तक्ता वाईट नाही. तेलुगू येणारा जवान कुठे पाठवायचा, उर्दू येणारा कुठे, एवढं त्यातून कळतं. पण आग विझवायला तो पुरत नाही.

पूर्व भागात एका भिंतीला भिंत लागलेली तीन पद्मशाली घरं घ्या. पहिल्यात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. दुसऱ्यात सासू-सून विड्या वळतात, कोपऱ्यात तेंदूपानांचे पुडके. तिसऱ्यात मुलगा हैदराबादला, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि जिन्याला लोखंडी जाळीचं दार, रात्री आतून कुलूप. भाषा एक, देव एक. आग लागली तर तिन्ही ठिकाणी काम मात्र निराळं. उलट विजापूर वेशीतला कापड दुकानदार आणि मधला मारुतीजवळचा कापड दुकानदार, धर्म वेगळे, पण दोघांच्याही दुकानात माळ्यावर छतापर्यंत माल आणि खाली उतरायला एकच अरुंद जिना. अग्निशमनच्या दृष्टीने ते दोघं एका जातीचे.

म्हणून चारच गोष्टी विचारायच्या. घरात किंवा दुकानात काय साठवलंय? रात्री कोण कुठे झोपतं? कुलपाची किल्ली कुणाकडे असते? आणि ही गल्ली कुणाचं ऐकते?

वहीत धर्माचा रकाना ठेवू नका, जातीचाही नको. वही उद्या कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. आणि ही माणसं आपली मोजदाद करायला आलीत असं लोकांना एकदा वाटलं, की दार उघडायचं नाव नाही. भाषेचा रकाना ठेवा, त्याला कुणाची हरकत नसते. अंथरुणाला खिळलेलं, ऐकू न येणारं, दिसत नसलेलं माणूस घरात असेल तर ती नोंद ठेवा, पण घरच्यांना विचारून.

कधी जायचं, कसं जायचं

गणवेशात जा, पण बंब नेऊ नका. बंब दिसला की गर्दी जमते, पोरं शिडीवर चढायला मागतात आणि बोलणं राहून जातं. दोघांनी जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प बसून बघायचं. लिहायचं ते बाहेर पडल्यावर. समोर वही उघडली की माणूस जपून बोलायला लागतो.

दुपारी बाराला पाहणी करून आलेल्या साहेबाला पेठ दिसतच नाही. रात्री साडेअकराला एक फेरी मारा. शटर कुठली आतून लागतात, कुठली बाहेरून, दुकानाच्या ओट्यावर कोण झोपतं, दुचाक्या कुठे आडव्या लागतात, हे तेव्हाच कळतं. मे महिन्यात तर जाच. आपल्याकडे पारा 43-44 वर गेला की लोक गच्चीवर अंथरूण टाकतात आणि खालच्या दाराला कुलूप. खाली धूर झाला तर बाहेरून बघणाऱ्याला वाटतं घर रिकामं आहे, आणि वर सहा माणसं झोपलेली असतात. खाली कूलर, फ्रिज, जुनी वायरिंग सगळं एका बोर्डावर. अशा गल्लीत लोकांना एवढंच सांगायचं की गच्चीवर झोपताना किल्ली उशाशी घ्या, आणि शेजारच्या गच्चीवर जायची वाट कपाटं-माठ ठेवून अडवू नका.

विड्या वळणाऱ्या बायकांना भेटायचं तर घरी जाऊ नका, त्या कामात असतात. कारखान्याच्या ब्रँचवर जा. वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू न्यायला त्या तिथे रांगेत थांबलेल्या असतात. विड्या तपासून घेणाऱ्या चेकरला आधी विचारायचं, मग पायरीवर खाली बसून बोलायचं. उभं राहून भाषण ठोकलंत तर माना हलवतील आणि निघून जातील. या बायकांकडे जी माहिती असते ती महापालिकेच्या कुठल्या दप्तरात नाही. मांडीवर सूप घेऊन त्या दिवसभर उंबऱ्यात बसलेल्या असतात, गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाची आई पायाने अधू, कुठल्या घरात पोरं आत ठेवून बाहेरून कडी लावून आई कामाला जाते, सगळं त्यांना ठाऊक. शेवटचं ते नक्की विचारा. बाहेरून कडी लावलेलं घर आणि आत लहान पोरं, ही चैन करणाऱ्या घरची गोष्ट नाही. पोट भरायला जाणाऱ्या आईकडे दुसरा इलाज नसतो. तिला रागवायचं नाही. कडी लावते हे शेजारच्या अक्काला ठाऊक असू दे, एवढी तजवीज करून घ्यायची.

शहराबाहेरच्या कुंभारीची गोष्ट थोडी वेगळी. विडी कामगारांचं गोदूताई परुळेकर घरकुल तिथलं, 10 हजार घरांचं. शेजारी रे नगर, ठरलेली 30 हजार घरं, त्यातल्या पहिल्या 15 हजारांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या. जुन्या पेठेतून उठून माणसं तिकडे गेली, घर पक्कं झालं, रस्ते रुंद मिळाले. पण पेठेत चाळीस वर्षांची ओळख होती, ती बरोबर गेली नाही. शेजारी कोण आहे हेच ठाऊक नसतं. शहरातून बंब पोचायला वेळही लागतो. तिथे पहिलं काम म्हणजे इमारतीगणिक दोन बायका गाठणं, एक खालच्या मजल्यावरची, एक वरच्या. बचत गटाची मीटिंग असेल त्या दिवशी जा, आशाताईंना बरोबर घ्या. आपल्या टोळीत बाई नसेल तर आशाताईंशिवाय पान हलत नाही. पुरुष बोलतात चौकातल्या राजकारणावर, गॅसची नळी कधी बदलली ते बाईलाच ठाऊक असतं.

खाली माग, वर बिऱ्हाड

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सोलापूरचं दुखणं इथे आहे.

18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. 8 माणसं गेली. मालक, त्यांच्या घरातली माणसं, त्यात लहान मूल, आणि तिथेच राहणारं कामगाराचं कुटुंब. मी तेव्हा नोकरीत नव्हतो, पण शहरातल्या प्रत्येक मागवाल्याच्या घरात त्या दिवशी एकच बोलणं होतं. कारण कारखान्यातच राहणं ही इथली जुनी रीत आहे. माल राखायला माणूस लागतो, जागेचं भाडं वाचतं, रात्रपाळीवर लक्ष राहतं. 'कारखान्यात राहू नका' असं सांगून आपण मोकळे होऊ शकतो. राहणारे राहतातच.

तर मग जायचं आणि बघायचं. टॉवेलच्या मागावर सुताचा बारीक धुरळा सतत उडतो. तो मोटारीवर बसतो, पंख्याच्या पात्यावर बसतो, वायरीवर लोंबतो, पॅनेलच्या पेटीत शिरतो. बोटाने पुसून बघा, कापसासारखा थर निघेल. एक ठिणगी पडली की आग त्या थरावरून पळते, एका मागावरून दुसऱ्यावर, छताकडे. माग विझवेपर्यंत धूर जिन्याने वर पोचलेला असतो आणि वर झोपलेल्या माणसाला ज्वाळा दिसायच्या आधी धूर गाठतो. जिना मागखान्याच्या आतूनच असेल तर वरची माणसं अडकली. खिडकीला जाळी, मागे भिंत, पुढे शटर.

मालकाशी बोलताना कायद्याने सुरुवात करू नका. सुताने करा. "शेठ, सध्या सूत काय भावाने पडतंय?" म्हणा, तो दहा मिनिटं बोलेल. मग विचारा, रात्री शटर आतून लावता का बाहेरून. चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लावून किल्ली मुनीमाकडे देणारे आहेत, आणि मुनीम राहतो लांब होटगी रोडला. हे त्याच्या तोंडून निघालं की निम्मं काम झालं. त्याला स्वतःलाच ऐकू येतं तो काय बोलला ते. मग म्हणायचं, वरच्या मजल्यावरून बाहेरच्या बाहेर उतरायला लोखंडी शिडी करा, एका खिडकीची जाळी आतून उघडणारी करा, आणि जिन्यात मालाचे गठ्ठे ठेवू नका. ही तीन कामं शेजारचा वेल्डर करून देतो.

आणखी एक गोष्ट आधीच समजावून ठेवा, नाहीतर आगीच्या रात्री हाणामारी होते. सुताची किंवा टॉवेलची गाठ पेटली की आग आत शिरते. वरून पाणी मारलं तर ते पृष्ठभागावरून ओघळून जातं, आत धुमसत राहतं आणि चार तासांनी पुन्हा पेट घेतं. म्हणून जवान गाठी फोडतात, ओढून बाहेर टाकतात, उसवून भिजवतात. मालकाला दिसतं काय? 'विझलेल्या मालाची ही लोकं नासधूस करायला लागली.' कामगार होज धरतात, शिव्या देतात. हेच जर आधी एकदा टॉवेलचा जुना गठ्ठा पेटवून, वरून पाणी मारून, मग फोडून आतला निखारा दाखवला, तर तोच कामगार त्या रात्री आपल्याबरोबर गाठी ओढतो. मागवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत हे प्रात्यक्षिक ठेवा. पन्नास पत्रकं वाटण्यापेक्षा हे चांगलं.

कायद्याचं सांगायचं ते शेवटी, आणि सोपं करून. कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो ज्या इमारतींना लागू होतो, तिथे आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, 'बी' फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यायचा. बऱ्याच जणांना वाटतं लाल सिलिंडर भिंतीला टांगला की झालं. पिन कशी काढायची हे रात्रपाळीच्या एकालाही येत नसेल तर तो सिलिंडर शोभेचाच.

पहिल्या भेटीत नोटीस बजावू नका, हे माझं मत. साहेबांशी यावरून माझे वाद झालेत. लोकांच्या लेखी अग्निशमन म्हणजे महापालिका, आणि महापालिका म्हणजे अतिक्रमण आणि घरपट्टी. पहिल्याच भेटीत कागद हातात पडला तर उद्या छोटी आग लागल्यावर तो माणूस 101 लावणार नाही, स्वतः बादल्या मारत बसेल आणि आग हाताबाहेर गेल्यावर फोन करेल. अपवाद एकच: आज रात्रीच माणसं मरतील असं काही दिसलं, म्हणजे बाहेरून कुलूप आणि आत झोपलेले कामगार, तर तिथल्या तिथे सांगा, कुलूप काढून घ्या, आणि वरिष्ठांना त्याच दिवशी कळवा. तिथे भिडस्तपणा नको.

फोनवरची बाई

101 वर फोन येतो तेव्हा बोलणारा माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडत असतो. पूर्व भागातली बाई तेलुगूत, अक्कलकोट-विजापूरकडची कन्नडमध्ये. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक पाळीला तेलुगू आणि कन्नड समजणारं निदान एक माणूस हवं. तसं जमत नसेल तर तीन प्रश्न सगळ्यांनी पाठ करावेत: कुठे, काय पेटलंय, आत कुणी आहे का. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. तेलुगूत 'लोपल एवरन्ना उन्नारा?', कन्नडमध्ये 'ओळगे यारादरू इद्दारा?', दखनीत 'अंदर कोई हैं क्या?' उच्चार पुस्तकातून नको, ब्रँचवरच्या अक्काकडून घोटून घ्या. सोलापूरचं तेलुगू हैदराबादच्या टीव्हीसारखं नाही.

पत्ता लोक बंद पडलेल्या गिरण्यांवरून सांगतात, हे बाहेरून बदलून आलेल्या चालकाने लक्षात ठेवावं. 'जुनी मिलच्या मागे', 'लक्ष्मी-विष्णूपाशी', 'नरसिंग गिरजीच्या अलीकडे'. मोबाइलच्या नकाशात हे सगळं वेगळ्या नावाने असतं. 70 फूट रोडवरचा माणूस 70 फूट रोडच म्हणणार, पाटीवर काही का असेना. लोकांच्या तोंडची नावं आणि पाटीवरची नावं अशी यादी करून कंट्रोल रूमच्या भिंतीला लावा.

हाक मारायची पद्धतही सांगतो. 'मॅडम' म्हटलं की गल्लीतली बाई दचकते. तेलुगू-कन्नड घरात अक्का, वयस्क असेल तर अम्मा. मुस्लिम घरात खाला किंवा आपा, मराठी घरात मावशी, काकू. पुरुषाला अन्ना, भाई, मामा. वर्दीला गेल्यावर कुणी चपला बघत नाही, बूट घालून देवघरातूनही जावं लागतं. पण भेटीला गेल्यावर बूट बाहेर, स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय पाऊल नाही, आणि बुरख्यातली बाई दारात आली तर अंगणातूनच बोलायचं. शाळेत जाणारी पोरगी बहुधा पुढे येऊन भाषांतर करते. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत, तिथे गॅसचं रेग्युलेटर बंद करायला शिकवलं की त्या संध्याकाळी ते घरी पोचतं. पत्रकं छापायची हौस असेल तर छापा. मी तरी त्यांचा उपयोग भेळेच्या गाडीवरच होताना पाहिला. त्यापेक्षा त्याच गल्लीतल्या बाईच्या आवाजात एक मिनिटाचं बोलणं व्हॉट्सॲपवर सोडा.

लेझीमची पोरं

गल्ली कुणाचं ऐकते, या प्रश्नाचं उत्तर सोलापुरात बहुतेक वेळा मंडळ असतं. नगरसेवक बदलतात, मंडळाचा अध्यक्ष राहतो. गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी पेठापेठांत लेझीमचा सराव चालतो. ढोल-ताशा, शिट्टी, रांगेत पन्नास-साठ पोरं, शिट्टीच्या एका इशाऱ्यावर सगळे थांबतात. अशी शिस्तीची तयार माणसं अग्निशमनला दुसरीकडे कुठे मिळणार? सराव संपल्यावर पाणी पीत बसतात तेव्हा जा. पाच मिनिटं मागा, अर्धा तास नको.

त्यांना आग विझवायला लावू नका. पोरं उत्साही असतात, धुरात घुसतात. कामं वाटून द्या. दोघांनी चौकात जाऊन बंबाला वाट दाखवायची. चौघांनी दुचाक्या उचलून बाजूला लावायच्या, हँडल लॉक असलं तरी चौघं मिळून उचलतात. एकाने मीटरजवळचा मेन स्विच पाडायचा. बाकीच्यांनी हाताची साखळी करून गर्दी मागे रेटायची. शिट्टी वाजवणारा जो असेल तोच प्रमुख, त्याचं ऐकायची सवय आधीच लागलेली असते. शक्तिदेवीच्या मंडळांची, शिवजयंती-भीमजयंतीच्या मंडळांची, मोहरमच्या पंजांची पोरं, सगळीकडे हेच सांगायचं. एका पेठेत दोन मंडळांचं जमत नसेल तर दोघांना वेगवेगळी कामं द्या आणि एकाच बैठकीत बोलावण्याचा हट्ट धरू नका.

मांडव बांधतानाच जायचं. मूर्ती बसल्यावर खांब हलवा म्हटलं तर भावना दुखावतात. खांब रोवायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन गेलात, तर अध्यक्ष स्वतः दोरी धरतो.

वर्षाचं वेळापत्रक करताना सुट्ट्यांचं कॅलेंडर पुढ्यात घेऊ नका, पेठांचं घ्या. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा: यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता, होम, शोभेचं दारूकाम. होम मैदानावर पाळणे, खाण्याचे स्टॉल, एकाला लागून एक, आणि प्रत्येकाच्या मागे गॅसची टाकी. स्टॉलवाले बाहेरगावचे, त्यांची भाषा कधी हिंदी, कधी कन्नड. स्टॉल उभारायच्या दिवशीच त्यांना भेटा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ पूर्व भागातून निघतो, त्या दिवशी तिकडे जायचे नेहमीचे रस्ते बंद धरून पर्यायी वाट आदल्या दिवशी गाडी चालवून बघा. रमजानमध्ये विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, कापडाचे स्टॉल, वर दिव्यांच्या माळा, तात्पुरती वायरिंग. पण रमजानचा एक फायदाही आहे. सहरीला पहाटे अख्खी गल्ली जागी असते. एरवी ज्या वेळी आग कुणाला दिसत नाही, त्या वेळी तिथे शेकडो डोळे उघडे असतात. मशिदीच्या जबाबदार माणसांशी बोलून ठेवलं तर गरजेला भोंग्यावरून सूचनाही देता येते.

आणि 14 एप्रिल. अग्निशमन सेवा सप्ताहाचा पहिला दिवस आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. आपला कार्यक्रम केंद्राच्या आवारात होतो, हार घालतात, साहेब बोलतात, ऐकायला आपणच. सगळं शहर त्या दिवशी पार्क चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असतं. तिथे कडेला एक टेबल मांडा. पेटता सिलिंडर ओल्या पोत्याने कसा झाकायचा ते दाखवा, बायका थांबून बघतात. आणि 1944 सालच्या 14 एप्रिलला काय झालं तेही सांगा: मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. गाठी पेटल्या, मग स्फोट झाले आणि अग्निशमनचे 66 जवान गेले. कापसाची गाठ म्हटल्यावर सोलापूरकराला जास्त समजवावं लागत नाही.

पाणी

सोलापूरचं बरंचसं पाणी उजनी धरणातून येतं आणि रोज येत नाही. त्यामुळे घराघरात निळे ड्रम, आणि ड्रम जिन्यात. 'ड्रम हलवा' म्हणणं सोपं आहे, पण चार दिवसांचं पाणी माणूस ठेवणार कुठे? जिन्याच्या एका बाजूला एका ओळीत लावून घ्या, माणूस सरळ उतरेल एवढी जागा सोडा, इतकंच मागा. गल्लीत बोअर कुणाची, हौद कुणाचा, हे वहीत लिहा. आणि हौदवाल्याला आधीच विचारून ठेवा. दुष्काळी महिन्यात न विचारता पंप टाकलात तर भांडण ठरलेलं.

आग विझल्यावर परत जा

हे कुणी करत नाही. आठ-दहा दिवसांनी त्या घरी जा. विम्याला, नुकसानभरपाईला अग्निशमनचा दाखला लागतो हे कित्येकांना ठाऊक नसतं. अर्ज कुठे करायचा, पंचनाम्याची प्रत कुठे मिळते ते सांगा. शेजारीही जमतात, तेव्हा त्यांचा राग बाहेर येतो: बंब उशिरा आला, पाणी संपलं, नळी फुटली. ऐकून घ्या. फोन किती वाजता आला आणि गाडी किती वाजता निघाली, हे रजिस्टरमधून आधी काढून न्या आणि जसं आहे तसं सांगा. आपली चूक असेल तर तीही. त्या घरासमोर उभं राहून 'तुमच्या जिन्यात काय ठेवलंय?' असं शेजाऱ्याला विचारलंत, तर त्या दिवशी तो खरं सांगतो आणि लगेच उचलतोही.

वही

प्रत्येक बोळाला एक पान. नमुना देतो, खऱ्या घराचा नाही:

"देवळामागचा बोळ. मोठी गाडी तोंडापर्यंत, पुढे 3 होज. डावीकडे तिसरं घर: खाली माग, वर बिऱ्हाड, जिना आतून, मागच्या खिडकीची जाळी उघडते. चौथं घर: अम्मा एकट्या, ऐकू कमी येतं, किल्ली समोरच्या अक्काकडे. हौद: पिठाच्या गिरणीत. मेन स्विच: बोळाच्या तोंडाशी, पत्र्याच्या पेटीत. बोली तेलुगू. मंडळाचा शिट्टीवाला: नंबर कंट्रोल रूमला."

एक प्रत बंबाच्या केबिनमध्ये चालकाच्या हाताशी, एक कंट्रोल रूमला. भाडेकरू बदलतात, माग विकले जातात, अम्मा लेकाकडे जातात, म्हणून दर सहा महिन्यांनी पान पुन्हा तपासायचं. जानेवारी-जुलैत 'बी' फॉर्मची वेळ असतेच, त्याच फेरीत हे उरकतं. बदली झालेल्या चालकाने नवीन चालकाला वही नुसती देऊ नये. गाडी बाहेर काढून, एक एक बोळ दाखवत, अक्कांना-अन्नांना भेटवत द्यावी. त्याला दोन रविवार पुरतात.